झोप लागत नाही, टिकत नाही, पुरत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यात, कट्ट्यावर आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झोपेबद्दल जे पुन्हापुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. माहिती मुख्यतः मोठ्या माणसांसाठी आहे. तान्ह्या आणि लहान मुलांच्या झोपेचे प्रश्न वेगळे. सगळं वाचायची गरज नाही. मात्र तिसरा प्रश्न आणि घोरण्याचा प्रश्न कुणी चुकवू नये.

झोप किती तास हवी? आठ तास झालेच पाहिजेत का?

मोठ्या माणसाला साधारण ७ ते ९ तास, पासष्टीनंतर ७ ते ८ तास आणि दहावी-बारावीच्या वयात ८ ते १० तास, असा ढोबळ आकडा तज्ज्ञ सांगतात. आठ हा त्यातला सोयीचा आकडा आहे, पास होण्याची अट नव्हे. साडेसहा तास झोपून दिवसभर ताजंतवानं वाटत असेल, दुपारच्या मीटिंगमध्ये किंवा एसटीत बसल्याबसल्या डोळे मिटत नसतील, तर आकड्याच्या मागे लागू नका. आठ तास झोपूनही सकाळी अंग जड असेल, तर मात्र तास मोजून उपयोग नाही. झोपेचा दर्जा कशाने बिघडतोय ते शोधावं लागेल.

एक गोष्ट आधीच वेगळी काढू या. विरारहून पहाटेची लोकल पकडून रात्री अकराला घरी येणारा माणूस साडेपाच तास झोपत असेल, तर तो निद्रानाश नाही. त्याला झोपायला वेळच नाही. उशीला डोकं टेकताच तो झोपतो आणि रविवारी दहा तास उठत नाही. त्याला या पानावरचे बरेचसे उपाय लागू पडणार नाहीत. निद्रानाशात अंथरूण असतं, अंधार असतो, वेळही असतो. झोप तेवढी येत नाही.

चार-पाच रात्री धड झोप झालेली नाही. हा आजार म्हणायचा का?

नाही. घरातलं आजारपण, परीक्षा, नोकरीतली कटकट, भांडण, नवी जागा, यांनी झोप उडणं अगदी स्वाभाविक आहे. आठवड्यातून किमान तीन रात्री, तेही तीन महिने, झोप लागायला किंवा टिकायला त्रास होत असेल आणि त्यापायी दिवसा थकवा, चिडचिड, कामात चुका होत असतील, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. पहिल्या काही दिवसांत एकच पथ्य पाळा: सकाळी उठायची वेळ बदलू नका.

ज्या कारणाने झोप उडाली होती ते केव्हाच संपलं. मग अजून झोप का येत नाही?

आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात याचं उत्तर मांडलं आणि आजचे उपचार बऱ्याच अंशी त्याच मांडणीवर उभे आहेत. त्यांच्या मते निद्रानाशात तीन गोष्टी असतात. एक, मुळातली प्रकृती: हलकी झोप, काळजी करण्याचा स्वभाव. दुसरी, झोप उडवणारा प्रसंग. आणि तिसरी, त्यानंतर झोप परत मिळवण्यासाठी माणूस जे जे करू लागतो ते. प्रसंग ओसरतो, पण तिसऱ्या गोष्टी अंगवळणी पडलेल्या असतात. पुढे त्याच झोप अडवून धरतात.

म्हणजे काय, तर रात्री झोप येत नाही म्हणून साडेनवालाच अंथरूण धरायचं. पहाटे कशीबशी लागलेली साखरझोप मोडू नये म्हणून नऊपर्यंत लोळायचं. दुपारी दीड-दोन तास भरपाई करायची. पेंग घालवायला संध्याकाळी आणखी एक चहा. रात्री दर अर्ध्या तासाने मोबाईल उचलून किती वाजले ते बघायचं आणि 'आत्ता झोपलो तरी चारच तास' असा हिशेब मांडायचा. यातलं एकेक पाऊल त्या दिवसापुरतं शहाणपणाचंच वाटतं. पण जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते पुरेसं साठलं की झोपेची भूक लागते. सकाळी लोळून आणि दुपारी झोपून ती भूक आपण आधीच मारतो. संध्याकाळी चार वडापाव खाऊन रात्री जेवण जात नाही म्हणून तक्रार करावी, तसं हे.

दुसरं नुकसान जास्त चिवट आहे. रोज चार तास अंथरुणात तळमळत काढले की मेंदू अंथरुणाची आणि जागरणाची सांगड घालतो. टीव्हीसमोर सोफ्यावर डोळे मिटतात आणि गादीवर आडवं होताच टक्क जाग येते, हे ओळखीचं वाटत असेल तर तुमच्या बाबतीत ती सांगड पक्की झाली आहे. अशा माणसाला 'टेन्शन घेऊ नकोस' असं सांगून काही होत नाही. सवयीच उलट फिरवाव्या लागतात.

झोप येत नसेल तर पडून राहायचं की उठायचं?

उठायचं. रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत अजून टिकून आहे. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. साधारण वीस मिनिटं (अंदाजाने, घड्याळ न बघता) झोप लागली नाही तर उठून बाजूला बसायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि पुन्हा पेंग आली की परत यायचं. लागेल तितक्या वेळा. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच, रविवारीसुद्धा. 'नुसतं पडून राहिलं तरी विश्रांती मिळते' हे घरातल्या मोठ्यांचं म्हणणं एखाद्या रात्रीपुरतं ठीक आहे. महिनोन्महिने तळमळणाऱ्याला त्याचा तोटाच होतो.

पुस्तकात लिहिलेलं असतं, 'दुसऱ्या खोलीत जा'. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं झोपत असतील तर दुसरी खोली आणायची कुठून? पण खोली बदलणं महत्त्वाचं नाही, अंथरूण सोडणं महत्त्वाचं. ओट्याजवळची खुर्ची, गॅलरी, चाळीतला व्हरांडा, काहीही चालेल. कपड्यांच्या घड्या घाला, लसूण सोला, जुनं मासिक चाळा. दिवसा बसायला पलंगच असेल तर रात्रीची चादर-उशी वेगळी ठेवा आणि सकाळी उचला. जमिनीवर गादी घालणाऱ्यांचं या बाबतीत बरं असतं, गादी गुंडाळली की अंथरूण संपलं.

पहिला आठवडा वाईट जातो, हे आधीच सांगितलेलं बरं. बहुतेक जण तिसऱ्या रात्री सोडून देतात आणि 'हेही करून पाहिलं' असं म्हणतात.

अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी केला तर झोप सुधारते म्हणे. हे खरं?

खरं आहे, आणि निद्रानाशावरच्या उपायांत हा बहुधा सगळ्यात जोरकस उपाय आहे. समजा तुम्ही रात्री दहा ते सकाळी सहा अंथरुणात असता आणि प्रत्यक्ष झोप होते साडेपाच तास. मग काही दिवस अंथरुणात जायचंच रात्री साडेबाराला आणि उठायचं सहालाच. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ ते ९० टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची, दर आठवड्याला, झोप पुरेशी होईपर्यंत. पाच तासांच्या खाली कुणी जाऊ नये. ट्रक, बस, रिक्षा किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी, फिट्स येणाऱ्यांनी आणि बायपोलर विकार असलेल्यांनी हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. अपुऱ्या झोपेने त्यांना धोका असतो.

हे, वरचा उठून बसण्याचा नियम आणि झोपेबद्दलच्या भीतीवर केलेलं काम, या सगळ्याला मिळून सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलणारा, गोळ्यांशिवायचा उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा असं सांगितलं. आपल्याकडे तो शिकवणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मोठ्या शहरांत भेटतात. तालुक्याच्या गावी मिळणं अवघड, म्हणूनच त्याचा गाभा इथे लिहिला आहे.

रात्री तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. का?

जाग येणं चूक नाही. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांनी चालते आणि दोन आवर्तनांच्या मध्ये सगळ्यांनाच थोडी जाग येते, बहुतेकांना ती आठवत नाही. प्रश्न जाग आल्यावर घड्याळ बघून सुरू होतो. घड्याळ उलटं करून ठेवा. अर्ध्याअधिक लोकांनी आधी एवढंच करून पाहावं असं माझं मत आहे.

लघवीला वारंवार उठावं लागत असेल तर साखर तपासा, पुरुषांनी प्रोस्टेट दाखवा, आणि रक्तदाबाच्या गोळीत लघवी जास्त करणारं औषध आहे का व ते सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. झोपेत श्वास अडकत असेल तरीही रात्री लघवी वाढते, हे फार थोड्यांना माहीत असतं. छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी येत असेल तर जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा, डाव्या कुशीवर झोपा आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली एकेक वीट घाला. नुसत्या उशा वाढवल्याने पोट मुडपतं, जळजळ कमी होत नाही. चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या काळात अंगातून वाफा निघून, घामाने भिजून जाग येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

रोज पहाटे लवकर जाग येते, उठताच मन खिन्न असतं, कशातच रस वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर ते नैराश्य असू शकतं. अशा वेळी झोपेवर नव्हे, नैराश्यावर इलाज हवा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करा.

चहाने माझ्या झोपेला काही होत नाही. मग कशाला सोडू?

सोडू नका, वेळ बदला. कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवतं, म्हणून तरतरी येते. शरीरातलं निम्मं कॅफीन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना याहून बराच जास्त वेळ. म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं बरंचसं अकरालाही अंगात असतं. 'चहा पिऊनही मला झोप लागते' हे म्हणणं खरंच असतं, पण झोप उथळ होते आणि ते झोपलेल्याला कळत नाही. दुपारी दोन-तीननंतर चहा-कॉफी बंद ठेवून दोन आठवडे पाहा. कटिंग म्हणून सहा वेळा घेतलेला चहा सहा वेळाच मोजायचा.

झोपण्याआधी थोडी दारू घेतली तर चांगली झोप लागते ना?

लागते लवकर, टिकत नाही. दारू उतरू लागते तशी रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटत जाते. घशाचे स्नायू सैल होऊन घोरणंही वाढतं. रोजची सवय झाली की दारूशिवाय झोप येईनाशी होते, ते वेगळंच.

मोबाईलच्या निळ्या प्रकाशाने झोप जाते का?

थोडी जाते, पण निळ्या प्रकाशाचा बाऊ जरा जास्तच झाला आहे. पडदा पिवळा करून रात्री एकपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून वाद घालणाऱ्याला त्या पिवळ्या पडद्याचा काय फायदा? झोप उडवतो तो मजकूर, आणि 'अजून एकच रील' करत सरकत गेलेली वेळ. चार्जर अंथरुणापासून हात पोहोचणार नाही इतका लांब ठेवा, गजरासाठी साधं घड्याळ घ्या.

घोरणं म्हणजे गाढ झोप, नाही का?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. झोपेत घशाचे स्नायू सैल होतात, श्वासाची वाट अरुंद होते, ती थरथरते तेव्हा घोरण्याचा आवाज येतो. काहींची वाट मधूनमधून पूर्ण मिटते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, जोराचा घुसमटलेला श्वास घेतला जातो आणि पुन्हा घोरणं सुरू. तासाला असे अडथळे पाच ते पंधरा असतील तर सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर गेले तर तीव्र स्लीप अ‍ॅप्निया. झोपलेल्याला यातलं काहीच आठवत नाही. त्याची तक्रार असते ती सकाळी डोकं दुखतं, तोंड कोरडं पडतं, दिवसभर पेंग येते, गाडी चालवताना डोळे मिटतात. शेजारी झोपणाऱ्या माणसाला मात्र रात्री त्याचा श्वास मोजत पडावं लागतं.

हा आजार लठ्ठ पुरुषांचाच असं समजू नका. जबडा मागे असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये वाढतो आणि त्यांच्या बाबतीत घोरण्यापेक्षा थकवा आणि 'झोप लागत नाही' हीच तक्रार पुढे येते, म्हणून निदान राहून जातं. दोन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी. उपचार न केलेल्या अ‍ॅप्नियात रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. ती इस्पितळात एक रात्र झोपून होते, आणि साधं रूप घरीही करता येतं. मध्यम आणि तीव्र आजारावर मुख्य उपाय म्हणजे सीपॅप: नाकावर मास्क आणि त्यातून हवेचा हलका दाब, ज्याने श्वासाची वाट मिटत नाही. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी तो १९८१ मध्ये जगापुढे आणला. मास्क पाहून लोक आधी नाक मुरडतात. सौम्य आजारात वजन घटवणं, कुशीवर झोपणं आणि दारू बंद करणं याने बराच फरक पडतो. काहींना दातांचे डॉक्टर जबडा पुढे धरणारं साधन बनवून देतात. आणि हो, घोरणाऱ्याने स्वतःच्या मनाने झोपेची गोळी कधीच घेऊ नये, श्वास आणखी अडकू शकतो.

आडवं झालं की पाय वळवळतात, हलवत राहावेसे वाटतात. हे काय?

संध्याकाळी आणि रात्रीच होतं, बसल्यावर-निजल्यावर वाढतं, चाललं की थांबतं, असं असेल तर रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असू शकतो. मुंग्या, ओढ, किडे फिरल्यासारखं, असं लोक वर्णन करतात आणि घरातले पाय चेपून देतात. यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासायला हवं. या आजारात ते ७५च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तेव्हा पाय चेपून घेणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना खरं म्हणजे लोह हवं असेल, याचा विचार घरोघरी व्हायला हरकत नाही. लोहाच्या गोळीवर किंवा जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारातही हा त्रास होतो. सर्दीच्या आणि उलटीच्या काही औषधांनी तो वाढतो.

दुपारची झोप वाईट का?

रात्री नीट झोपणाऱ्याला वीस-तीस मिनिटांची वामकुक्षी उत्तम, तीनच्या आत उरकली तर. निद्रानाश असेल तर तीही बंद. चरकसंहितेत झोप हा आहाराबरोबरचा शरीराचा आधार मानला आहे, पण निरोगी माणसाला दिवसा झोपायची मुभा तिथेही मुख्यतः ग्रीष्मातच आहे. विदर्भातल्या मे महिन्यात ती प्रत्येकाने घ्यावी.

रातपाळी करतो. दिवसा झोप लागतच नाही. काय करू?

ही इच्छाशक्तीची बाब नाही. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं आणि दुपारी बाराला ते तुम्हाला जागं ठेवण्याचं काम करत असतं. पाळी संपवून घरी येताना गडद गॉगल घाला, दुचाकीवर पेंग येत नसेल तरच. पेंग येत असेल तर गॉगलने ती वाढेल. कंपनीतच वीस मिनिटं डुलकी काढून निघा. खोलीला जाड पडदा, कानात फोमचे बोळे, बेल आणि फोन बंद. घरच्यांना स्पष्ट सांगा की सकाळी नऊ ते दुपारी तीन ही माझी रात्र आहे, कुरिअरवाल्यासाठी आणि गॅस सिलिंडरसाठी मला उठवायचं नाही. पाळीवर जाण्याआधी तासभर झोप घ्या, चहा पाळीच्या पहिल्या निम्म्यात संपवा. पाळी बदलणं व्यवस्थापनाच्या हातात असेल तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने बदललेली शरीराला सोपी जाते, उलट्या क्रमाने अवघड.

शेतकऱ्यांची रातपाळी कुणी मोजत नाही. शेतीपंपाची वीज आळीपाळीने रात्री येते, तेव्हा साप आणि बिबट्याची भीती घेऊन पाणी द्यायला जावं लागतं, आणि सकाळी धारा काढायला उठावंच लागतं. त्यावर झोपेचा सल्ला काय देणार? सौर वाहिन्यांमधून दिवसा वीज देण्याची योजना जिथे खरोखर पोहोचेल, तिथे तोच उपाय. तोवर रात्रीची वीज असेल तेव्हा दुपारी दीड तास झोपण्याला आळस म्हणू नये.

रात्री गाडी चालवणाऱ्यांसाठी एक वाक्य: दोन ते पाच या वेळात झोप सगळ्यात जोरात येते, आणि समृद्धी महामार्गासारख्या सरळसोट ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर गाणी लावून किंवा काच उघडून ती थांबत नाही, गाडी सुरक्षित जागी लावून झोपावंच लागतं.

मुलगा रात्री दोनपर्यंत जागतो आणि सकाळी उठवत नाही. लाडावलाय का?

मोबाईल आहेच, पण सगळा दोष त्याचा नाही. वयात येताना शरीराचं घड्याळ खरोखरच पुढे सरकतं, दहा-साडेदहाला झोप येत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. ते चांगलंच झालं, पण सकाळची सगळ्यात जास्त ओढाताण होते ती आठवी-नववीच्या मुलांची, आणि त्यांची शाळा-क्लास अजून सातलाच असतात. वेळ हळूहळू मागे आणता येते: उठल्याबरोबर अर्धा तास बाहेरचा उजेड, रविवारी फार तर एक तास उशिरा उठणं, रात्री घरातले दिवे मंद. 'लवकर झोप' म्हणून काही होत नाही, लवकर उठण्यापासून सुरुवात करावी लागते.

झोपेच्या गोळ्या घ्याव्यात का?

डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिल्या असतील तर घाबरू नका. अपघात, मृत्यू, मोठं ऑपरेशन अशा वेळी त्यांचा उपयोग असतो. अडचण होते ती दोन आठवड्यांची चिठ्ठी दोन वर्षं चालते तेव्हा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांची शरीराला सवय लागते, तीच मात्रा पुरेनाशी होते. म्हाताऱ्या माणसांत तोल जाऊन पडणं, मांडीचं हाड मोडणं, विसरभोळेपणा हे धोके वाढतात. झोल्पिडेमच्या अमलाखाली लोक झोपेत उठून स्वयंपाक करतात, गाडी काढतात, आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या वेष्टनावर याचा सर्वात कडक इशारा छापायला लावला. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम आपल्याकडे शेड्यूल एच-१ मध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. ओळखीच्या मेडिकलवाल्याने 'घ्या हो काका' म्हणून पट्टी हातात ठेवली तरी घेऊ नका.

आणि आज हे वाचून आजच गोळी बंद करू नका. अनेक महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर झोप आधीपेक्षा जास्त उडते, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. डॉक्टर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मात्रा उतरवत नेतात.

जायफळ, अश्वगंधा, मेलाटोनिन?

चिमूटभर जायफळ घातलेलं कोमट दूध प्यायला हरकत नाही, त्याहून रोजच्या त्याच वेळेचा आणि शांत बसण्याचा गुण मोठा असावा. 'जास्त घातलं तर जास्त झोप' असं मात्र नाही. चमचाभर जायफळाने धडधड, उलट्या आणि भास होऊ शकतात. अश्वगंधेचा थोडा फायदा छोट्या अभ्यासांत दिसला आहे. थायरॉईडचं औषध चालू असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. मेलाटोनिन ही गुंगीची गोळी नव्हे, ते शरीराच्या घड्याळाला वेळ सांगतं. न्यू जर्सीहून आलेल्या मुलीला जेटलॅगसाठी उपयोगी, रोजच्या निद्रानाशात फारसं नाही.

उकाडा, डास आणि डीजे यांचं काय?

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. झोपण्याच्या एक-दोन तास आधी कोमट पाण्याने आंघोळ केली तर कातडीकडे रक्त येऊन उष्णता बाहेर पडते आणि झोप थोडी लवकर लागते, हे उन्हाळ्यातही लागू आहे. परदेशी लेखांतलं १८ अंशांचं शयनगृह विसरा, पंख्याचा वारा सरळ अंगावर येऊ द्या. डासांना मच्छरदाणीसारखा उपाय नाही.

आवाजाचा कायदा आहे. २०००च्या नियमांनुसार रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि लाउडस्पीकरला बंदी आहे. वर्षातले ठरावीक दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देतं, ते जास्तीत जास्त पंधरा. ११२ वर तक्रार करता येते. गल्लीतल्याच मंडळाविरुद्ध करायची हिंमत किती जणांत असते, हा भाग वेगळा; फोमचे कानबोळे औषधाच्या दुकानात मिळतात.

झोपेत छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं, ओरडता येत नाही. बाहेरचं काही असेल का?

बाहेरचं काही नाही. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू बंद ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं प्रत्यक्ष करत सुटलो असतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू नंतर सुटतात. त्या काही सेकंदांत दडपण, सावली, पावलांचा आवाज असे भास होतात. झोप अपुरी असताना आणि उताणं झोपल्यावर जास्त होतं. धोका नाही. दिवसा अनावर झोपेचे झटके येत असतील आणि हसताना गुडघ्यातली ताकद जात असेल, तरच मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरकडे केव्हा जायचं आणि कोणत्या?

तीन महिने होऊन गेले, श्वास अडकतो, दिवसा गाडी चालवताना पेंग येते, झोपेत लाथा-बुक्के मारून शेजारच्याला लागतं, किंवा मन सतत उदास असतं, यातलं एकही असेल तर जा. सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून करा. थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, फेरिटिन या तपासण्या आणि चालू औषधांची उजळणी तिथेच होऊ शकते. स्टेरॉइड, दम्याची काही औषधं, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या यांनीही झोप जाते. घोरण्यासाठी छातीचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर, निद्रानाश आणि नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ.

जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत रोज सकाळी लिहा: अंथरुणात कधी गेलो, झोप अंदाजे कधी लागली, किती वेळा उठलो, शेवटी कधी उठलो, दुपारी झोपलो का, शेवटचा चहा केव्हा. मनगटावरच्या घड्याळाचे आलेख नेऊ नका. गाढ झोपेची त्यांची मिनिटं बेभरवशाची असतात आणि ती बघूनच काहींची झोप उडते. घोरणं असेल तर शेजारी झोपणाऱ्याला सोबत न्या, आणि त्याने रात्री मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवला असेल तर उत्तमच.